दोरीचं दुसरं टोक

नेहा, अर्णव,

दर शनिवारी सकाळी सात वाजता तुमच्या शेजारचे गजभिये घरामागच्या हिरवळीवर येऊन उभे राहत. गळ्यात मरून-पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरी मफलर, अंगात जाड कोट, पायात काळे बूट. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला उन्हाळ्यात एवढे कपडे कोणी घालत नाही. तरी त्यांचा पोशाख ठरलेला. ते पूर्वेकडे तोंड करून, हात मागे बांधून, पंचेचाळीस मिनिटं हलत नसत. पावणेआठला त्यांची सून सुषमा चहाचा मग आणून देई. तो ते उभ्यानेच पीत, आणि आठपासून पुन्हा पंचेचाळीस मिनिटं उभे. पावणेनऊच्या सुमारास घरातला फोन वाजे. ते आत जात, दोन मिनिटं बोलत, आणि त्यानंतर कुठे खुर्चीत बसत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे सहा महिने राहायला आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला हे दृश्य दिसलं. अर्णव, तू पाळण्यात होतास. नेहा, तू सहा वर्षांची होतीस आणि माझ्याशेजारी स्टुलावर चढून बघत होतीस. मी विचारलं, "हे आजोबा काय करतायत ग?" तू म्हणालीस, "नथिंग, आजी. ही इज जस्ट स्टँडिंग देअर." तुझी आई मागून म्हणाली, "मॅच बघतायत ते. इंग्लंडमधली." मी म्हटलं, "टीव्ही कुठाय?" ती म्हणाली, "टीव्हीवर नसते ती मॅच. रेडिओवरपण नसते. असंच बघतात."

त्या दिवशी मला ते गृहस्थ थोडे विक्षिप्त वाटले. पुढे त्यांच्याइतका नेटका विचार करणारा माणूस मला क्वचितच भेटला. तुम्हाला ते नीट आठवत नसणार, म्हणून हे लिहून ठेवते.

सुखदेव गजभिये मूळचे नागपूरजवळच्या एका खेड्यातले. गिरणीत मेकॅनिक झाले आणि साठच्या दशकात इंग्लंडला गेले. मॅडरबी नावाच्या लहान गावात गालिच्यांचा कारखाना होता, तिथे त्यांनी तीस वर्षं माग दुरुस्त केले. पत्नी तिथेच वारल्या. मुलगा मिलिंद शिकून सांता क्लाराच्या एका कंपनीत लागला आणि वडिलांना एकटं ठेवायचं नाही म्हणून फ्रीमाँटला घेऊन आला. त्यांचं टाउनहाउस तुमच्या भिंतीला भिंत लावून होतं. हॉलमध्ये बुद्धाची लहान संगमरवरी मूर्ती होती आणि तिच्याशेजारी चौकटीत एका फुटबॉल संघाचा जुना काळा-पांढरा फोटो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "यातले तुम्ही कोण?" ते म्हणाले, "मी फोटोत नाही जी. मी फोटो काढणाऱ्याच्या मागे उभा होतो."

तो संघ मॅडरबी टाउनचा. इंग्लंडमधले मोठे क्लब तुम्हाला माहीत असतील. त्यांच्या खाली, कित्येक पायऱ्या उतरून गेलं की छोट्या गावांचे शेकडो क्लब असतात. त्यांना नॉन-लीग म्हणतात. तिथे खेळणारे आठवडाभर नळ दुरुस्त करतात, टपाल वाटतात आणि शनिवारी दुपारी तीनला मैदानात उतरतात. मैदानाला एका बाजूला लाकडी स्टँड, एका कोपऱ्यात चहाची टपरी, बाकी सगळीकडे उभं राहूनच बघायचं. त्यांच्या दुपारच्या तीनला फ्रीमाँटमध्ये सकाळचे सात वाजतात. सामना संपला की टपरीतल्या फोनवरून क्लबचा सेक्रेटरी कीथ गजभियेंना निकाल सांगे. तोपर्यंत निकाल माहीत नसताना, काही दिसत नसताना ते उभे असत. मी एकदा विचारलं, "अहो, निदान बसून तरी वाट बघा." ते म्हणाले, "ते लोक थंडीत उभे असतात, बाई. मी काहून बसू?"

कोपऱ्यावर नवीन राहायला आलेल्या एका अमेरिकन बाईंना काळजी वाटली. त्या कुंपणाजवळ येऊन म्हणाल्या, "सर, आर यू ऑल राइट?" गजभिये मान न वळवता म्हणाले, "मॅडम, आय ॲम ॲट अ मॅच." त्या हळूच निघून गेल्या. पुढच्या शनिवारी नेहा, तू कुंपणावरून ओरडलीस, "हू इज विनिंग?" तुला मात्र त्यांनी मान वळवून उत्तर दिलं, "अजून कळलं नाही. पावणेनऊला सांगतो."

मॅडरबीत पोचल्यावर तिसऱ्या शनिवारी ते रस्त्याने एकटेच हिंडत होते. कोणी ओळखीचं नाही, भाषा कानाला नीट लागत नाही. एक फाटक उघडं दिसलं म्हणून आत डोकावले. आत आर्थर नावाचा म्हातारा मैदान आखत होता. मैदान आखताना दोन टोकांना दोरी ताणून धरतात आणि दोरीच्या कडेने पांढऱ्या रंगाचं चाक फिरवतात. आर्थरकडे दोरी होती, चाक होतं, दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. त्याने गजभियेंकडे पाहिलं आणि दोरीचं टोक पुढे केलं.

"नाव नाही विचारलं," गजभिये सांगत, "कुठून आला, काय करतो, कोणाचा कोण, काहीच नाही. धर म्हणाला. मी धरलं." ते टोक त्यांनी पुढे एकोणतीस वर्षं धरलं. आर्थर गेल्यावर दुसरा आला, तिसरा आला. यांचं टोक तेच राहिलं.

यामुळे फुटबॉल बघण्याची त्यांची नजर वेगळीच झाली होती. एका उन्हाळ्यात जगज्जेतेपदाच्या स्पर्धेतले काही सामने फ्रीमाँटहून अर्ध्या तासावर झाले होते. मिलिंद मोठ्या खटपटीने तिकिटं मिळवून वडिलांना घेऊन गेला. जगातले उत्तम खेळाडू होते. परत आल्यावर सुषमाने विचारलं, "कशी होती मॅच, बाबा?" ते म्हणाले, "रेषा लय सुंदर होत्या." मिलिंद हे मला सांगताना अजून चिडलेला होता. "काकू, एवढं ड्राइव्ह केलं, पार्किंगला दीड तास घालवला, आणि यांना रेषा दिसल्या!"

मॅडरबी टाउनला शंभर वर्षं होणार होती आणि क्लबला इतिहास हवा होता. क्लबच्या सभांच्या जुन्या वह्या स्टँडचं छप्पर गळून भिजून गेल्या होत्या. तेव्हा कमिटीने ठरवलं की आपल्यात सगळ्यांत जास्त लक्षात आहे ते त्या अमेरिकेत गेलेल्या गजभियेंच्या. त्यांच्याकडे तीस वर्षांच्या सामन्यांची माहितीपत्रकं होती, आणि आधीच्या सत्तर वर्षांबद्दल त्यांनी आर्थरला, आर्थरच्या बहिणीला, ज्याला त्याला विचारून टिपून ठेवलेलं होतं. इंग्रजीत आठ रेघी वह्या भरल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं, वाक्यं मात्र मैलभर लांब.

सुषमाने मला गाठलं. "सुमतीकाकू, तुम्ही लायब्ररियन होता ना? बाबांचं टाइप करून द्याल का? मी ट्राय केलं, पण ते शेजारी बसून प्रत्येक कॉमा विचारतात."

मी सत्तावीस वर्षं कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली होती. तुमच्याकडे आल्यावर भांडी आणि दुपटी यांतून मान वर निघत नव्हती. आठ वह्या बघून मला आनंद झाला. रोज सकाळी दहा ते बारा मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, मिलिंदच्या कॉम्प्युटरसमोर बसू लागले.

वह्या मी दोन दिवसांत वाचून काढल्या आणि माझ्या शिस्तीच्या डोक्याला त्रास सुरू झाला. समजा, क्लबच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्याचं वर्णन चाललं आहे. देशभरच्या चषकस्पर्धेत वरच्या लीगमधला एक नामांकित क्लब मॅडरबीच्या चिखलात खेळायला आलेला. पाऊस कोसळतोय. पोस्टमन असलेला त्यांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन निघालाय. आणि इथे गजभिये थांबतात आणि दीड पान लिहितात की त्या दिवशी रेषा तीन वेळा वाहून गेल्या, आर्थरने रंगात लाकडाचा भुसा कालवून त्या तीन वेळा पुन्हा आखल्या, रेषा दिसल्या नसत्या तर पंचांनी सामना रद्द केला असता. मग पोस्टमनचा गोल अर्ध्या ओळीत. मग एक-एक अशी बरोबरी. आणि लगेच, राखीव खेळाडू धरून अंगावरच्या चिखलाच्या तेरा जर्सी कोणी धुतल्या ते.

त्या एल्सी धूत असे. तिच्याबद्दल त्यांच्या वह्यांत जितकं होतं तितकं कुठल्याही कर्णधाराबद्दल नव्हतं. सामना संपला की ती सगळ्या जर्सी जुन्या बाबागाडीत घालून ढकलत घरी नेई. सोमवारी तिच्या अंगणातल्या दोरीवर तेरा मरून जर्सी ओळीने वाळत असत. एकतीस वर्षं. मी लिहीत होते तेव्हा एल्सी एक्क्याण्णव वर्षांची होती आणि वृद्धाश्रमात राहत होती. मॅडरबी सोडण्याच्या दिवशी गजभिये तिला भेटायला गेले होते. "ती म्हणाली, सुक, पुस्तक निघालं तर मी त्यात असेन का? मी म्हटलं, असशील. त्या चषकाच्या मॅचच्या पानावरच असशील." ते तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणत.

मी एका सकाळी विषय काढला. "गजभिये, इतिहासाला काही रचना लागते. वाचणाऱ्याला गोल हवा असतो. मध्येच कपडे धुणं आलं की तो अडखळतो."

"अडखळू द्या ना जी."

"असं कसं? कोणीही जाणता वाचक म्हणेल, विषयांतर आहे. आपण असं करू. सामने, चषक, मैदानाचा इतिहास हे प्रकरणांत. आणि चहावाल्या, धुणारी, आखणारे, तिकीट फाडणारे, सगळ्यांची नावं कामासकट परिशिष्टात. वर्णक्रमाने. एकही सुटणार नाही. शोधायलाही सोपं."

त्यांनी समोरची वही मिटली. मग एवढंच म्हणाले, "मागे?"

"परिशिष्ट मागेच असतं."

"बाई, मॅच तर कोणीही पाहते," ते म्हणाले. "मैदान कोण आखते, ते पाहावं लागते."

"ते सगळं राहणारच आहे हो. फक्त जागा बदलते."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला पुस्तकातलं कळते. करा." आणि उठून माझ्यासाठी चहा टाकायला गेले. त्यांना चहा अजिबात येत नसे. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कडू होता आणि मी तो सगळा प्यायले.

महिन्याभरापूर्वीच, असंच बोलता बोलता, त्यांनी मला त्यांच्या शाळेबद्दल सांगितलं होतं. गावच्या शाळेत त्यांची जागा वर्गाच्या मागच्या दाराबाहेर, ओसरीवर होती. मास्तरांचं फळ्यावरचं दिसत नसे, ऐकू येई तेवढं शिकायचं. त्यांनी ते हसत सांगितलं होतं आणि मी हळहळले होते. आणि तरीही त्या सकाळी "मागे?" या त्यांच्या प्रश्नाला मी ग्रंथालयशास्त्रातलं उत्तर दिलं. दोन्ही गोष्टी माझ्याच कानांनी ऐकल्या होत्या. जोडल्या नाहीत.

मार्चमध्ये मी कोल्हापूरला परत आले तेव्हा टंकलेलं हस्तलिखित इंग्लंडला गेलेलं होतं. नऊ प्रकरणं, एक परिशिष्ट. मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता.

पावणेदोन वर्षांनी, डिसेंबरात, मी पुन्हा फ्रीमाँटला आले. त्याच आठवड्यात इंग्लंडहून पुस्तकांचं खोकं आलं. गजभियेंनी ते माझ्यासाठी न उघडता ठेवलं होतं. "तुमच्याशिवाय कसं उघडू?" मी कात्रीने चिकटपट्टी कापली. मरून कापडी बांधणी, पांढरी अक्षरं, सुबक पुस्तक. त्यांनी एक प्रत उचलली, हातावर तोलली आणि थेट शेवटचं पान उघडलं. मग दोन पानं अलीकडे. मग पुन्हा शेवटचं.

"नाही," ते म्हणाले.

मी दुसरी प्रत घेतली. नवव्या प्रकरणानंतर क्लबच्या अध्यक्षांचे आभार होते आणि पुस्तक संपत होतं. परिशिष्ट नव्हतं. प्रत्येक प्रत उघडून बघण्यात अर्थ नव्हता, तरी मी बघितली.

त्यांनी कीथला फोन लावला. मी समोर बसले होते. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण समजत होतं. पानं ठरल्यापेक्षा जास्त होत होती. छापणाऱ्याने विचारलं, काय गाळू? कमिटीतल्या कोणीतरी म्हटलं, मागची यादी गाळा, इतिहास तर पूर्ण आहे. कीथला हे आज कळत होतं. गजभिये रागावले नाहीत. "येस, कीथ. आय सी, कीथ." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एल्सीला काय सांगू आता?"

त्या आधी मी कधी कुणासमोर रडले नव्हते. तेव्हाही रडले नाही. हातातली प्रत मिटून मी म्हटलं, "चूक छापणाऱ्याची नाही. मी ती नावं अशा जागी ठेवली की ती सहज काढून टाकता यावीत. मधे असती तर कोणाला काढता आली नसती. तुम्ही मला हेच सांगत होतात."

ते म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनानं केलं, बाई."

"चांगल्या मनाने म्हणूनच जास्त वाईट केलं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. खोटं समाधान द्यायची त्यांना सवय नव्हती, आणि मला ते आवडलं.

दोन दिवस मी विचार केला. विकायच्या तीनशे प्रती अजून क्लबच्या खोलीतच होत्या, समारंभ पंधरा दिवसांवर होता. ग्रंथालयात मी शेकडो शुद्धिपत्रं पाहिली होती. पुस्तकात सुटा कागद ठेवतात आणि पहिलाच वाचक तो हरवतो. पण चिठ्ठी नेमक्या पानावर, आतल्या कडेला खळीची बारीक रेघ देऊन चिकटवली, तर ती पुस्तकासोबत म्हातारी होते. मी गजभियेंकडे गेले आणि म्हटलं, "यादी नाही करायची. तुमच्या वह्या काढा. जिथे जे होतं, तिथेच ते परत जाणार."

आम्ही सतरा चिठ्ठ्या तयार केल्या, प्रत्येकीच्या तीनशे प्रती. पान चव्वेचाळीसवर गोलच्या ओळीखाली एल्सी. चहावाल्या दोघी बहिणी, ज्या वर्षी टपरी जळाली त्या पानावर. तिकिटाच्या दारावर बसणारा एक हाताचा माणूस, ज्या पानावर सगळ्यांत जास्त गर्दी झाली तिथे. प्रत्येक चिठ्ठीवर पान क्रमांक आणि ओळ. मिलिंदच्या प्रिंटरची शाई दोनदा संपली. सुषमा ऑफिसमधून येऊन कागद कापायला बसे. "काकू, एक मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल का?" मी म्हणे, "नाही." गजभिये म्हणत, "बाईंना विचारू नको, आर्थरला विचार. तो अर्धा इंच सोडायचा." आम्ही पुष्कळ हसलो.

एक गोष्ट मला त्या वेळी लक्षात आली. आठही वह्यांत, सतरा चिठ्ठ्यांत, गजभिये हे नाव कुठेच नव्हतं. मुखपृष्ठावर लेखक म्हणून होतं तेवढंच. मी विचारलं तर म्हणाले, "लिहिणाऱ्यानं स्वतःला घालू नये जी. मग तो तिथंच उभा राह्यते, हलत नाही." मी पुढची चिठ्ठी कापायला घेतली. मात्र इंग्लंडला जाणारं चिठ्ठ्यांचं पाकीट बंद करणं माझ्याकडे होतं, आणि त्यात मी अठरावी चिठ्ठी घातली.

कीथचा फोन आला तो शुक्रवारी. मैदान गोठलं होतं, शनिवारचा सामना रद्द. तेव्हा खेळाडू, कमिटी, चहावाल्या, सगळे टपरीत बसून खळ लावणार होते. शनिवारी सकाळी सात वाजता मी खिडकीतून पाहिलं तर गजभिये हिरवळीवर, मफलर घालून, हात मागे बांधून. मी शाल घेऊन बाहेर गेले. "अहो, आज मॅच नाही. तुम्हीच म्हणालात."

"माहीत आहे जी," ते म्हणाले. "पण ते चिकटवतायत ना."

मी आत आले नाही. त्यांच्या शेजारी उभी राहिले. पंचेचाळीस मिनिटं फार असतात, मुलांनो. पावणेआठला सुषमा दोन मग घेऊन आली. पावणेनऊला फोन वाजला. काम संपलं होतं. कीथ पहिली प्रत घेऊन वृद्धाश्रमात जाऊनही आला होता.

एल्सीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. तिने कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, खाली वेडीवाकडी सही तिची. पत्रात आभार एका ओळीत होते. बाकी सगळी तक्रार. "सुक, तू लिहिलंस मी सोमवारी धुवायचे. मी रविवारी धुवायचे. सोमवारी फक्त बाहेर वाळत घालायचे, म्हणजे रविवारी काम केलेलं चर्चच्या पाद्र्याला कळू नये. आता तो मेला आहे, तेव्हा खरं छापायला हरकत नाही. दुरुस्त कर."

गजभियेंनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "पाहा बाई," ते म्हणाले, "इतिहासात नाव असलेल्या माणसालाच इतिहासाबद्दल तक्रार करता येते." मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, "चिठ्ठीवर चिठ्ठी लावता येते का?" मी म्हटलं, येते. त्या दुपारी आम्ही 'सोमवार'वर लावायला 'रविवार'च्या तीनशे बारीक चिठ्ठ्या कापल्या आणि कीथकडे पाठवल्या.

माझ्या अठराव्या चिठ्ठीबद्दल त्यांना कळलं ते क्लबने चिकटवलेल्या प्रती आल्यावर, म्हणजे मी कोल्हापूरला परत आल्यानंतर. तुमच्या आईकडून निरोप आला, "गजभिये काका म्हणतात, बाईंनी माझ्या इतिहासात ढवळाढवळ केली." एवढंच. मी दोन महिने अस्वस्थ होते.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शनिवारी नाही, मंगळवारी, दवाखान्यात, फार त्रास न होता. तुमच्या आईने फोनवर सांगितलं की मॅडरबीत त्या शनिवारी सामन्याआधी सगळे एक मिनिट उभे राहिले, आणि मैदान आखताना दोरीचं एक टोक खुंटीला न बांधता सगळ्या खेळाडूंनी आळीपाळीने धरलं. कीथने तसा निरोप दिला होता. त्या वेळी फ्रीमाँटच्या हिरवळीवर मिलिंद उभा होता, वडिलांचा मफलर घालून. त्याने मला नंतर कबूल केलं, "काकू, पहिल्यांदा कळलं, बाबांना तिथे काय दिसायचं."

उन्हाळ्यात तुमची आई कोल्हापूरला आली तेव्हा तिच्या बॅगेत माझ्यासाठी ठेवलेली प्रत होती. गजभियेंनी ती आजारी पडण्याआधीच सुषमाकडे देऊन ठेवली होती. ती आता माझ्या कपाटात तिसऱ्या फळीवर, डावीकडून पाचवी आहे. पावसाळ्यात खळ सुटते, मी दोनदा पुन्हा लावली आहे. पुढे हे काम तुम्हाला करावं लागेल. आतल्या कडेला, बारीक रेघ, जास्त नाही.

पान एकसष्ट उघडा. आर्थर मैदान आखतो त्या मजकुराखाली माझी अठरावी चिठ्ठी आहे, इंग्रजीत टंकलेली: दोरीचं दुसरं टोक एस. गजभिये यांनी धरलं, एकोणतीस वर्षं. आणि तिच्या खाली एक एकोणिसावी आहे, जी दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही. मोत्यासारख्या अक्षरात, शाईने, मराठीत. त्या इंग्रजी पुस्तकातली तेवढीच मराठी ओळ.

'आणि या पुस्तकाचं दुसरं टोक धरलं सुमती पाटणकर यांनी. एकदा सुटलं, पण पुन्हा धरलं.'

ती शेवटी शोधू नका. मधेच आहे.